अंतर दुप्पट केलं तर क्षेत्र किती उरतं? फोन, चुंबक आणि तार घेऊन मोजायची रीत

चुंबक दुप्पट लांब नेला तर त्याचं क्षेत्र किती उरेल, असं विचारलं की बहुतेक जण शाळेतल्या आठवणीवर ‘एक चतुर्थांश’ म्हणतात. खरं उत्तर एक अष्टमांश आहे. हाच प्रश्न लांब सरळ तारेबद्दल असेल तर उत्तर निम्मं येतं. एकट्या प्रभाराच्या विद्युत क्षेत्राबद्दल असेल तेव्हाच एक चतुर्थांश बरोबर.

म्हणजे क्षेत्र किती वेगाने विरतं हे ते विद्युत आहे की चुंबकीय यावर ठरत नाही. ते ठरतं स्रोताच्या आकारावर, आणि त्याहूनही जास्त, स्रोताशेजारी त्याचा उलटा जोडीदार (धनाला ऋण, जाणाऱ्या प्रवाहाला येणारा) बसला आहे का यावर. एकट्या बिंदूचं क्षेत्र गोलाच्या पृष्ठभागावर पसरतं आणि गोलाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून ते अंतराच्या वर्गाने घटतं. तारेचं क्षेत्र तारेभोवतीच्या वर्तुळांवर पसरतं आणि परीघ त्रिज्येच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून ते साधं अंतराच्या प्रमाणात घटतं. शेजारी उलट जोडीदार आला की लांबून दोघं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. जो थोडा फरक उरतो तो आणखी एका घाताने घटतो.

- लांब सरळ तार, परतीची तार खूप दूर: अंतराच्या व्यस्त प्रमाणात
- जाणारी आणि येणारी तार शेजारी-शेजारी: अंतराच्या वर्गाच्या व्यस्त
- एकटा प्रभार: अंतराच्या वर्गाच्या व्यस्त
- चुंबक, तारेचं वेटोळं, ट्रान्सफॉर्मर, जवळजवळ बसलेले धन-ऋण प्रभार: अंतराच्या घनाच्या व्यस्त
- मोठा प्रभारित पत्रा, अगदी जवळून: जवळजवळ घटतच नाही

चुंबकाचा एक ध्रुव कधी सुटा मिळत नाही. त्यामुळे चुंबकाला घनाच्या नियमातून सुटका नाही. हे सगळं घरी मोजून बघता येतं, आणि मोजताना जे चुकतं त्यातूनच विषय नीट कळतो.

चुंबकाचा प्रयोग: साहित्य

फोनमध्ये मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, हवा. होकायंत्राचं अॅप नीट चालत असेल तर तो आहे असं समजा. काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो. अॅप म्हणून ‘फायफॉक्स’ घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं हे अॅप मोफत आहे, ते तिन्ही अक्षांचं माप वेगवेगळं दाखवतं आणि नोंदी एक्सेलमध्ये काढून देतं.

चुंबक निओडिमियमची चकती असावी, १० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाड. लाऊडस्पीकरमधलं फेराइटचं कडं नको. त्याच्याभोवतीचे लोखंडी पत्रे क्षेत्र आतच अडकवून ठेवतात. फ्रिजवर चिकटणारी जाहिरातीची लवचीक पट्टी तर मुळीच नको, कारण तिच्यात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे आळीपाळीने असतात. तिथे जोडीदार इतके जवळ आहेत की सेंटिमीटरभर अंतरावर काही उरतच नाही. शाळेतला लांब पट्टीचुंबक चालतो, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. ती पुढे येईल.

याशिवाय लाकडी टेबल, आलेख कागदाची ६० सेंटिमीटरची पट्टी, सेलोटेप आणि चुंबक उभा रोवायला खाच पाडलेलं खोडरबर लागेल. टेबलाखाली हात फिरवून लोखंडी पट्ट्या, स्क्रू आणि ड्रॉवरच्या रेल्स बघून घ्या. जेवायच्या पाटाला खिळे असतात. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा स्वतः त्रास देत नाही, त्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्या देतात. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर किंवा ओसरीवर प्रयोग मांडू नका. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लोहखनिजामुळे थोडा चुंबकीय असतो आणि हातभर सरकलं तरी पार्श्वभूमी बदलते.

हा चुंबक लहान असला तरी खेळणं नव्हे. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींसकट एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

आधी सेन्सर शोधा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. फोन म्हणजे मोजण्याचा बिंदू नव्हे. सेन्सर तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि फोनच्या कुठल्या कोपऱ्यात बसला आहे ते मॉडेलवर अवलंबून असतं. बऱ्याच फोनमध्ये तो वरच्या भागात असतो, पण गृहीत धरू नका.

शिवणकामाची सुई चुंबकावर एकाच दिशेने वीसेक वेळा घासा. फोन टेबलावर पालथा ठेवा, सुई उभी धरा आणि तिचं टोक फोनच्या पाठीवरून लांबीच्या दिशेने सावकाश सरकवा. माप मूळ पार्श्वभूमीपासून सर्वांत जास्त जिथे ढळेल तिथे पेन्सिलीने रेघ करा. मग त्या रेघेवरून रुंदीच्या दिशेने सरकवा. दोन रेघा छेदतात तिथे सेन्सर. मोबाइलला कव्हर असेल तर काढा. अनेक कव्हरांच्या झाकणात चुंबक असतो.

मापन

१. फोन सरळ ठेवून सेलोटेपने टेबलाला चिकटवा. तो प्रयोग संपेपर्यंत हलता कामा नये. फोन जागचा फिरला की पृथ्वीचं क्षेत्र वेगळ्या अक्षावर पडतं, म्हणून सरकवायचा तो चुंबक.

२. सेन्सरपासून फोनच्या लांबीच्या दिशेने बाहेर जाणारी रेघ कागदाच्या पट्टीवर काढा. शून्य सेन्सरच्या जागी असू द्या, फोनच्या कडेला नव्हे. चुंबक खोडरबरात असा उभा रोवा की सपाट बाजू फोनकडे येईल. १० मिलिमीटरची चकती उभी राहिली की तिचा मध्य टेबलापासून ५ मिलिमीटर उंच येतो, आणि सेन्सरही साधारण त्याच उंचीवर असतो.

३. चुंबक दोन मीटर लांब ठेवून तिन्ही अक्षांची मापं लिहा. महाराष्ट्रात पृथ्वीचं एकूण क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे, त्यातला आडवा भाग सुमारे ३८. फोन ६० किंवा ३० दाखवत असेल तर एकतर आसपास लोखंड आहे किंवा फोनचं कॅलिब्रेशन बिघडलं आहे. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि पुन्हा बघा.

४. लांबून जवळ या: ४०, ३०, २५, २०, १५, १२, १० सेंटिमीटर. उलटं करू नका. तीव्र क्षेत्र आधी दिसलं की अनेक फोन मध्येच आपोआप शून्य बदलून घेतात आणि पुढच्या सगळ्या नोंदी सरकतात.

५. प्रत्येक अंतरावर पाच सेकंद नोंद घ्या. मग चुंबक त्याच जागी उलटा फिरवून, म्हणजे दुसरा ध्रुव फोनकडे करून, पुन्हा पाच सेकंद. फोनच्या लांबीच्या अक्षावरची, म्हणजे वाय अक्षावरची, दोन सरासरी मूल्यं एकमेकांतून वजा करा आणि निम्मं करा. पृथ्वीचं क्षेत्र, टेबलातलं स्थिर लोखंड, सेन्सरचा स्वतःचा दोष, हे सगळं दोन्ही नोंदींत सारखंच असतं. वजाबाकीत ते उडून जातं.

६. शेवटी चुंबक पुन्हा दोन मीटर लांब नेऊन पार्श्वभूमी तपासा. सुरुवातीपेक्षा २-३ मायक्रोटेस्लाहून जास्त फरक पडला असेल तर पूर्ण फेरी पुन्हा करा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक पाचव्या पायरीशी संबंधित आहे. अॅप ‘एकूण’ असा मोठा आकडा दाखवतं आणि त्यातून पार्श्वभूमीचा एकूण आकडा वजा करायचा मोह होतो. क्षेत्राला दिशा असते. पृथ्वीचे ४३ आणि चुंबकाचे १० एकमेकांना काटकोनात असतील तर एकूण ५३ येत नाही, सुमारे ४४ येतं. वजाबाकी करून चुंबकाचं क्षेत्र १ मायक्रोटेस्ला लिहिलं जातं आणि मग नियमच खोटा वाटू लागतो. वजाबाकी नेहमी एकेका अक्षाची.

वर सांगितलेल्या मापाच्या साध्या प्रतीच्या चकतीसाठी, चुंबकाच्या अक्षावर गणिताने असे आकडे येतात: १० सेंटिमीटरवर ७५ मायक्रोटेस्ला, १५ वर २२, २० वर ९.४, २५ वर ४.८, ३० वर २.८ आणि ४० वर १.२. तुमच्या चुंबकाची प्रत वेगळी असेल तर सगळे आकडे एकाच पटीने कमी-जास्त होतील, पण १० आणि २० मधलं आठचं गुणोत्तर तसंच राहिलं पाहिजे. ४० सेंटिमीटरच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. साध्या फोनचं माप स्वस्थ पडलेलं असतानाही अर्ध्या मायक्रोटेस्लाने नाचत असतं.

आलेख काढताना

एक्सेलमध्ये अंतराचा लॉग आणि क्षेत्राचा लॉग घेऊन आलेख काढा. सरळ रेघ आली आणि उतार उणे ३ च्या आसपास असेल तर घनाचा नियम मिळाला. तो बरोबर ३ येत नाही, आणि का येत नाही हेच जास्त शिकवतं.

समजा सेन्सर तुम्ही मानलात त्यापेक्षा १ सेंटिमीटर पलीकडे आहे. मग तुमचे १० आणि २० प्रत्यक्षात ११ आणि २१ असतात. क्षेत्रांचं गुणोत्तर ८ ऐवजी ७ च्या जवळ येतं आणि उतार २.८ दिसतो. ५ आणि १० मध्ये मोजलंत तर २.६ पर्यंत घसरतो. सेन्सर १ सेंटिमीटर अलीकडे असेल तर १० ते २० मध्ये उतार ३.२ येतो. म्हणजे रेघ जवळच्या टोकाला वाकलेली दिसली तर अंतराचं शून्य चुकलं आहे. ती लांबच्या टोकाला आडवी होत गेली तर पार्श्वभूमी नीट वजा झालेली नाही. दोन दुखणी, दोन वेगळी लक्षणं.

शून्य चुकल्याचं दुखणं आलेखातूनच बरं करता येतं. प्रत्येक क्षेत्राच्या आकड्याचं घनमूळ काढा, त्याचा व्यस्त घ्या आणि तो साध्या अंतरासमोर मांडा, इथे लॉग नको. नियम घनाचा असेल तर ही रेघ सरळ येते आणि मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्यापाशी छेदते. शून्याऐवजी उणे ०.८ ला छेदली, तर सेन्सर तुमच्या खुणेपेक्षा ०.८ सेंटिमीटर पलीकडे आहे. ते सर्व अंतरांत मिळवा आणि लॉगचा आलेख पुन्हा काढा. सुईने शोधलेल्या जागेपेक्षा ही जागा जास्त भरवशाची असते.

किती जवळ जावं? चुंबकाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या पाचपटीच्या आत येऊ नका. १० मिलिमीटरच्या चकतीला ५ सेंटिमीटर अंतरावर आकारामुळे होणारी चूक दीड टक्क्याच्या आत राहते. याच हिशेबाने ७-८ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचुंबकाला ४० सेंटिमीटर लांबून मोजावं लागेल. त्याच्या टोकाशी मोजलंत तर दुसरा ध्रुव तुलनेने दूर राहतो, आणि उतार २ आणि ३ च्या मध्ये कुठेतरी येतो. चुंबकाला वर्गाचा नियम लागतो असा समज बहुधा अशाच मोजणीतून पक्का होतो.

फोनमध्ये सेन्सर नसेल तर साधं होकायंत्रही चालतं. बारावीच्या प्रयोगशाळेतली डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरची ‘टॅन ए’ स्थिती आठवा: चुंबक होकायंत्राच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, त्याचा अक्ष पूर्व-पश्चिम. सुई जेवढ्या कोनाने वळेल त्याचा टॅन्जंट गुणिले ३८, इतके मायक्रोटेस्ला. आपल्या चकतीला १२.५ सेंटिमीटरवर सुई ४५ अंश वळते आणि २५ वर फक्त ७ अंश. म्हणून होकायंत्र १० ते २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच उपयोगाचं.

आता तार: सावकाश विरणारं क्षेत्र

इथे २३० व्होल्टला हात लावायचा नाही. १२ व्होल्टची चांगली चार्ज केलेली गाडीची बॅटरी, ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब, दीड चौरस मिलिमीटरची सहा ते आठ मीटर तार आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून १० अॅम्पिअरचा फ्यूज. हे मिळालं की सुमारे ४.६ अॅम्पिअर प्रवाह मिळतो. बल्ब विटेवर ठेवा, काच हात भाजेल इतकी तापते.

तारेची मोठी चौकोनी चौकट करा, बाजू किमान दीड मीटरची. एक बाजू दोन खुर्च्यांमध्ये सरळ ताणून बांधा, लाकडी खुर्च्यांना. मोजायचं ते या बाजूच्या मध्यापाशी. बाकीच्या बाजू, बॅटरी आणि बल्ब दूर. फोन आडवा ठेवून तारेच्या जवळ-लांब न्यायचा, पण न फिरवता. प्रत्येक जागी बल्ब बंद असताना आणि चालू असताना तिन्ही अक्षांची नोंद घ्या. चालूतून बंद वजा करा, मग तीन फरकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा. बॅटरी म्हणजे शिसं आणि लोखंडी क्लिपा, ती एकदा ठेवली की जागची हलवू नका.

हिशेब सोपा आहे: प्रवाह अॅम्पिअरमध्ये, त्याला २० ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. ४.६ अॅम्पिअरला ५ सेंटिमीटरवर १८, १० वर ९, २० वर ४.६ मायक्रोटेस्ला. चुंबकाशी तुलना करा: चुंबक ५ वरून २० सेंटिमीटरवर गेला की ६४ पट घटतो, तार फक्त चौपट.

तार अनंत लांब नसते, हेही दिसतं. एक मीटर लांबीच्या सरळ तुकड्याच्या मध्यासमोर १० सेंटिमीटरवर फक्त २ टक्के तूट येते. ५० सेंटिमीटरवर जवळजवळ ३० टक्के. म्हणून लांबीच्या पाचव्या हिश्श्यापुढे मोजलेले आकडे उताराच्या हिशेबात धरू नका.

मग चौकट मोडा आणि परतीची तार जाणाऱ्या तारेला सेलोटेपने घट्ट चिकटवा. प्रवाह तोच, बल्ब तसाच पेटलेला. दोन तारांच्या मध्यांत ३ मिलिमीटर अंतर असेल तर ५ सेंटिमीटरवर १८ ऐवजी जेमतेम १ मायक्रोटेस्ला उरतो, १० सेंटिमीटरवर त्याचाही चतुर्थांश, म्हणजे फोनच्या कुवतीखाली. दोन्ही तारांना पीळ घातला तर तेवढंही राहत नाही. इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती लावावा लागतो त्याचं कारण हेच: दोन्ही तारा कवेत घेतल्या की तो शून्य दाखवतो.

हा फरक मुंबईला एकदा महागात पडणार होता. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा या नोंदी धोक्यात आल्या. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून जातो आणि रुळांतून परततो. त्यातला काही भाग जमिनीत पाझरून भलत्याच वाटेने फिरतो. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी राहत नाहीत, एकमेकांना पुसत नाहीत, आणि त्यांचं क्षेत्र सावकाश विरतं. काही शे मीटर सरकून भागण्यासारखं नव्हतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला जागा निवडली. तिथल्या इमारतीसाठी काळा पाषाण न घेता चुंबकीय नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे मालिकेत खंड नको. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. त्या आता पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत.

घरातली वीज फोनने मोजू नका

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते आणि १०० वेळा दिशा बदलते. फोनचा मॅग्नेटोमीटर सेकंदाला साधारण ५० ते १०० नोंदी घेतो. त्यामुळे इन्व्हर्टरजवळ फोन धरून दिसणारा आकडा कधी शून्य, कधी संथपणे झुलणारा, आणि नेहमीच फसवा. ‘घरातलं रेडिएशन मोजा’ म्हणणारी अॅप्स हाच सेन्सर वाचतात आणि बहुतेक वेळा खिडकीच्या गजांचं लोखंड मोजून तुम्हाला घाबरवतात.

खरं मापन गुंडाळीने होतं. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर बारीक वाइंडिंग तारेचे ५०० वेढे घाला. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ही तार वजनावर मिळते. टोकांचं इनॅमल ब्लेडने खरवडा, नाहीतर मीटर काहीच दाखवणार नाही. ५० हर्ट्झला ही गुंडाळी दर मायक्रोटेस्लामागे ०.३१ मिलिव्होल्ट देते. मीटर मात्र एसी मिलिव्होल्ट मोजणारा हवा. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरांवर एसीची सर्वांत खालची पट्टी बहुधा २०० व्होल्टची असते. तिथे हे दिसणार नाही.

स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर न उघडता, बाहेरूनच, ट्रान्सफॉर्मरच्या मध्यापासून २०, ३०, ४० आणि ६० सेंटिमीटरवर गुंडाळी धरा आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांत मोठा आकडा येईपर्यंत फिरवा. लांबच्या टप्प्यात अंतर दुप्पट केलं की आकडा आठपटीच्या आसपास घटतो: ट्रान्सफॉर्मरही लांबून एक चुंबकच. जवळ मात्र तो मोठा असल्यामुळे घट मंद दिसते.

उच्चदाब वाहिनीच्या तीन तारांतल्या प्रवाहांची बेरीज कुठल्याही क्षणी जवळजवळ शून्य असते, म्हणून मनोऱ्यापासून दूर गेल्यावर चुंबकीय क्षेत्र वर्गाने घटतं, एकट्या तारेसारखं संथपणे नाही. अशा क्षेत्रांपासून संरक्षणासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) २०१० मध्ये सुचवलेली सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आणि मीटरला ५,००० व्होल्ट अशी आहे. हे आकडे जवळ असले की अंतराचा हिशेब करायला आधार मिळतो. मोबाइल टॉवरच्या लहरींना मात्र यातलं काही लावू नका. ५० हर्ट्झची तरंगलांबी ६,००० किलोमीटर असल्याने घरातलं सगळं ‘जवळचं क्षेत्र’ असतं. अँटेनापासून दूर सुटलेल्या लहरीचं क्षेत्र अंतराच्या साध्या व्यस्त प्रमाणात घटतं आणि तिची ऊर्जा वर्गाच्या.

विद्युत क्षेत्र: जास्त चिकाटीचं काम

चुंबकीय क्षेत्र भिंत, हात, लाकूड यांतून जसंच्या तसं आरपार जातं. विद्युत क्षेत्र नाही जात. ओला हात, भिंत, जमिनीला जोडलेला (अर्थिंग केलेला) पातळ अॅल्युमिनियमचा कागदही ते अडवतो. स्पर्श न करता वाजणारा टेस्टर याच क्षेत्रावर चालतो, म्हणून दिवा बंद असला तरी फेज असलेल्या वायरपाशी तो वाजतो. तिथे प्रवाह नसतो, चुंबकीय क्षेत्रही नसतं, विद्युत क्षेत्र असतं.

जोडीदाराचा परिणाम सेलोटेपवर दोन मिनिटांत दिसतो. २० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या, टोकं पकडायला दुमडा, एकीच्या पाठीवर दुसरीचा चिकट भाग लावा आणि बोटाने पूर्ण लांबी पुसून घ्या. ही जोडी लोंबत्या कागदाच्या कपट्याजवळ नेली तर कपटा हलत नाही. आता पट्ट्या झटक्यात सोलून वेगळ्या करा. एक धन, एक ऋण. प्रत्येक पट्टी कपट्याला चांगल्याच लांबून ओढते. पुन्हा एकमेकींवर चिकटवा, ओढ गायब. प्रभार कुठेही गेलेला नाही.

एकट्या प्रभाराचा वर्गाचा नियम कूलॉम्बने १७८५ मध्ये पीळदार तराजूने दाखवला. घरी लोलक पुरतो. थर्मोकोलच्या १० मिलिमीटरच्या दोन गोळ्यांना स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद गुळगुळीत लपेटा. एक गोळी तंगुसाच्या दोन धाग्यांनी इंग्रजी व्हीसारखी टांगा, म्हणजे ती एकाच प्रतलात झुलेल. लांबी सुमारे एक मीटर. दुसरी प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बसवा. लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप दोन्हींना तीन-चार वेळा टेकवून प्रभार द्या. गोळी ०.०२ ग्रॅमची आणि प्रत्येकीवर २ नॅनोकूलॉम्ब असतील तर १० सेंटिमीटरवर लोलक जवळजवळ १८ मिलिमीटर ढळतो आणि २० वर साडेचार. मागे आलेख कागद लावून समोर तीन मीटरवरून टॉर्च मारा आणि सावलीवर मोजा. डोळा तिरका गेला तरी सावली हलत नाही.

ढळलेलं अंतर म्हणजे बलाचं माप. मात्र दोन गोळ्यांमधलं अंतर लोलक ढळल्यानंतरचं घ्यायचं, आधीचं नव्हे. ६ सेंटिमीटरच्या आत जाऊ नका: जवळ आल्यावर समान प्रभार गोळ्यांच्या पलीकडच्या बाजूंना सरकतात आणि बल हिशेबापेक्षा कमी भरतं. शेवटची नोंद झाली की पहिल्या अंतरावर परत या. ढळणं दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर प्रभार गळला आहे, पूर्ण फेरी टाकून द्या. दोन-तीन मिनिटांत फेरी संपली पाहिजे.

गळतीचं मूळ बहुधा बोटांच्या तेलकटपणात सापडतं. तंगूस आणि स्ट्रॉ सॅनिटायझरने पुसून वाळवा, नंतर टोकांखेरीज कुठे धरू नका. पंखा बंद ठेवा, स्वतः हातभर मागे उभे राहा. तुमचं शरीरही प्रभार ओढतं. देशावर जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी हा प्रयोग पहिल्याच फटक्यात जमतो. कोकणात एसी लावलेल्या बंद खोलीत करावा लागतो, आणि जूननंतर तिथेही गोळी मिनिटभरात सरळ लोंबू लागते. त्या दिवसांत चुंबकाची फेरी काढा. त्याला दमटपणाचं काही वाटत नाही.